पोह्यांच्या डब्यामागचा कप

मित्रांनो, औषधाच्या बाटलीवर टोपीसारखा पालथा बसलेला प्लास्टिकचा छोटा कप तुम्ही पाहिला असेल. त्यांतलाच मी एक, आता जुना झालेला. माझ्या अंगावर अडीच, पाच आणि दहा मिलिलिटरच्या खुणा आहेत. पाण्यातले क्षार बसून बसून मी आता धुरकट झालो आहे, त्यामुळे त्या खुणा वाचायच्या तर मला उजेडाकडे धरावे लागते.

माझा जन्म चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. प्लास्टिकचे पांढरे दाणे वितळवून साच्यात दाबले जात. साचा गार झाला की आम्ही भाऊभाऊ टपटप खाली पडत असू. तिथे एक ताई आमच्यापैकी काहींना उचलून, पाणी भरून माप तपासत असे. मी तिच्या हाती लागलो. तिने मला डोळ्यांसमोर धरले, पाण्याची रेघ पाहिली आणि मान हलवली. माप बरोबर होते. त्या मान हलवण्याचा मला फार अभिमान वाटला होता.

तेव्हा माझी एकच इच्छा होती. आपण खोकल्याच्या औषधावर जावे. खोकला ही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट आहे. लोक त्याबद्दल विचारतात, काढे सुचवतात. किंवा टॉनिकच्या बाटलीवर जावे, म्हणजे फ्रिजवर दर्शनी जागा मिळते. मी गेलो मलावरोधाच्या औषधावर. तुमच्या भाषेत सांगायचे तर, ज्या मुलांना शी होत नाही त्यांच्या औषधावर.

गारखेड्यातल्या एका मेडिकलच्या दुकानात मला सुरेखाने विकत घेतले. दुकानात आणखी गिऱ्हाइके होती, म्हणून ती बराच वेळ साबणांच्या वड्या बघत कडेला उभी राहिली. गिऱ्हाइके गेल्यावर तिने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. दुकानदाराने बाटली काउंटरवर ठेवून सहज विचारले, लहान मुलीला का? तिने लगेच बाटली पर्समध्ये इतकी आत ढकलली की मी तिच्या रुमालात रुतून बसलो. लाज म्हणजे काय हे मला तिथे कळले, आणि ती लाज तेव्हापासून माझीही झाली.

घर दुसऱ्या मजल्यावर होते, दोन खोल्यांचे. सुरेखाचा नवरा सोमनाथ वाळूजच्या कंपनीत पाळीने जाई. सोमनाथची आई, दगडाबाई, पाचोड गावाहून येऊन जाऊन राहत. आणि ज्या मुलीसाठी मला आणले होते ती अपेक्षा, वय वर्षे चार, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बालवाडीत जाणारी.

अपेक्षाचा त्रास असा होता. मधूनच ती खेळ सोडून पडद्यामागे जाऊन उभी राही. पायांची कात्री करी, चवड्यांवर येई, तोंड लालबुंद होई. घरच्यांना वाटे, बिचारी जोर करते आहे. खरे तर ती जोर करत नव्हती. ती धरून ठेवत होती. एकदा शी कडक होऊन तिला फार दुखले होते, रक्ताचा ठिपकाही आला होता. पुन्हा दुखू नये म्हणून ती शी येऊच देत नसे. जितकी धरून ठेवी तितकी शी आत सुकत जाई आणि पुढच्या वेळी आणखी दुखे.

डॉक्टर खरात मॅडमनी सुरेखाला हे समजावले होते. औषध बरेच महिने द्यावे लागेल, बरे वाटले तरी मनाने बंद करू नका, काहीही वेगळे दिसले तर आधी मला विचारा, असेही सांगितले होते. पण तपासणीच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते आणि बाहेरच्या बाकावर शेजारच्या गल्लीतल्या दोघी बसल्या होत्या. सुरेखाचे निम्मे लक्ष त्या दाराकडे होते. तिने अर्धे ऐकले, एकही प्रश्न विचारला नाही आणि ती उठली.

स्वयंपाकघरात मला पोह्यांच्या डब्याच्या मागे जागा मिळाली. रात्री जेवणानंतर सुरेखा मला काढी, पाचच्या खुणेपर्यंत भरी आणि अपेक्षा ते गोड औषध गटागट पिऊन मला आतून चाटून काढी. ते औषध अंगात मुरत नाही. ते पोटातून पुढे मोठ्या आतड्यापर्यंत जाते आणि तिथे पाणी धरून ठेवते, म्हणजे शी मऊ राहते. काम साधे होते, आणि माझ्या मापाशिवाय ते नीट होत नव्हते. मला वाटले, जागा लपलेली असली तरी आपण उपयोगाचे आहोत.

काही दिवसांनी अपेक्षाच्या चड्डीला डाग पडू लागले. पातळ, घाण वासाचे, दिवसातून अनेकदा. तिला ते कळतही नसे. बालवाडीत तिच्या शेजारची मुले नाकावर हात ठेवून सरकून बसू लागली. एका मुलीने सरळ सांगितले की मला अपेक्षाजवळ बसवू नका. करुणा टीचरनी दाराशी सुरेखाला गाठून हळू आवाजात सांगितले की मुलीचे पोट बिघडलेले दिसते, बरे वाटेपर्यंत घरी ठेवा. त्या हळू बोलल्या तरी आजूबाजूच्या आयांनी माना वळवल्या.

त्या संध्याकाळी घरात ठरले की औषधानेच जुलाब लागले. दगडाबाईंना तर ते पहिल्या दिवसापासून नको होते. लेकराला रोज औषध पाजलं की आतड्याला सवय लागते, मग जन्मभर पाजत बसा, असे त्यांचे म्हणणे. सुरेखाने मॅडमना फोन लावायला घेतला आणि परत ठेवला. फोनवर सोमनाथसमोर, शेजारी ऐकतील अशा आवाजात, ते सगळे वर्णन करायचे तिच्या जिवावर आले. बाटली बंद झाली आणि बाटलीबरोबर मीही.

माझ्या जागी पुड्या आल्या. खालच्या मजल्यावरच्या मालनबाईंच्या नातवाला हगवणीत चांगल्या जंतूंची पावडर दिली होती, त्यातल्या उरलेल्या त्यांनी प्रेमाने आणून दिल्या. दह्यात कालवून ती पावडर घरचे अपेक्षाला देऊ लागले. त्या पुड्यांवर माझा कधी राग नव्हता. त्या नातवाला त्यांनी आराम पडलाही असेल. पण इथे दुखणे वेगळे होते. जुलाब बांधून यावेत म्हणून मऊ भात, साबूदाणा, उकडलेला बटाटा, असा आहार सुरू झाला. पालेभाजी बंद झाली. ज्या मुलीचे पोट आधीच गच्च भरले होते, तिला आणखी बांधून टाकणे सुरू झाले.

ती जेवेनाशी झाली. पोट टणक, पुढे आलेले. डाग मात्र थांबले नाहीत. एक दिवस पाण्याच्या ड्रमच्या मागे सुरेखाला गोळा करून कोंबलेल्या दोन चड्ड्या सापडल्या. वास सगळ्या घरात का येतो आहे ते तेव्हा कळले. सुरेखाने त्या चड्ड्या अपेक्षाच्या पुढ्यात टाकल्या.

"एवढी मोठी झालीस, लाज नाही वाटत?"

मित्रांनो, मी डब्यामागून सगळे पाहत होतो. तिला लाज वाटत होती. वाटत होती म्हणूनच तर चड्ड्या ड्रममागे होत्या. पण चार वर्षांच्या मुलीला हे मांडून सांगता येत नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि रडलीही नाही.

दोन दिवसांनी करुणा टीचरचा निरोप आला. इतर पालक तक्रार करत आहेत. परत आल्यावर पुन्हा असे झाले तर या वर्षापुरते नाव कमी करावे लागेल, पुढच्या जूनमध्ये बघू. सोमनाथ म्हणाला, बालवाडी तर आहे, राहू दे घरी. पण अपेक्षा रोज सकाळी दप्तर पाठीला लावून दाराशी उभी राही. तिला तिथली घसरगुंडी आवडे, गाणी आवडत. तिला कोणी घेऊन जात नसे. तासाभराने ती आपले आपण दप्तर उतरवी.

मी तिच्या भातुकलीत गेलो तो याच दिवसांत. बाटली पालथी पडून चिकट झाली होती, म्हणून सुरेखाने तिला पुसून आत ढकलले आणि मी ओट्यावर तसाच राहिलो. अपेक्षाने मला उचलले. औषधाच्या कपाची भातुकलीत रवानगी होणे ही आमच्या जातीत उतरती कळा मानतात, पण मला बरे वाटले. तिने माझ्यात पाणी भरून चिंगी नावाच्या कापडी बाहुलीला पाजले. मग चिंगीला पडद्यामागे उभे केले, तिचे पाय एकमेकांवर ठेवले आणि तिच्या कानाशी लागली. सुरेखा पलीकडे कणीक मळत होती.

"धरून ठेव. ड्रममधी पाणी नाही ना. नळ आला की मग जा. नाहीतर मम्मी ओरडंल."

सुरेखाचे हात कणकेत थांबले.

आमच्या भागात महापालिकेचे पाणी रोज येत नाही. आठवड्याने येते, कधी त्याहूनही उशिरा, तोवर ड्रममधले पुरवायचे. संडासात बादलीभर पाणी जाते. म्हणून नळाचा दिवस जवळ आला आणि ड्रमचा तळ दिसू लागला की सुरेखा सगळ्यांनाच सांगे, जरा दम धरा, नळ येऊ द्या. सोमनाथ कंपनीत उरकून येई. दगडाबाई समोरच्या मोकळ्या प्लॉटकडे बघून उसासा टाकत आणि आमच्या पाचोडला हे असलं नव्हतं म्हणत. अपेक्षाला कंपनी नव्हती आणि पाचोडही नव्हते. तिने ते अक्षरशः पाळले. आणि धरून धरून जेव्हा ती शी कडक होऊन दुखली, तेव्हापासून पाणी असो वा नसो, ती धरूनच ठेवू लागली.

हे सुरेखाला त्या क्षणी एकदम समजले. कणकेचे हात तसेच ठेवून ती खाली बसली. थोड्या वेळाने तिने हात धुतले, मला भातुकलीतून उचलून उकळत्या पाण्यात टाकले, स्वच्छ केले आणि बाटलीसकट पर्समध्ये ठेवले.

या वेळी अपेक्षाला घेऊन खरात मॅडमच्या खोलीत शिरताच तिने स्वतः दार लावून घेतले. मग बाटली टेबलावर ठेवून, मान खाली घालून सगळे सांगितले. औषध कोणी बंद केले, पुड्या कोणी आणल्या, चड्ड्या, ड्रम, नळ. बोलताना ती माझ्याकडे बघत होती, मॅडमकडे नाही. मॅडमनी अपेक्षाला आडवे करून पोट चाचपले आणि सुरेखाचा हात धरून तिच्या बोटांना ते टणक ढेकूळ दाखवले.

"हे जुलाब नव्हेत. आत दगडासारखी शी अडकलीय, तिच्या कडेनं पातळ पाझरतंय. तिला कळत नाही, कारण ताणून ताणून तिथली जाणीवच कमी झालीय. मुलीची यात काहीच चूक नाही."

बाकीचे त्यांनी सावकाश समजावले. पुडीतल्या जंतूंनी तिला अपाय झालेला नाही. पण लहान मुलांच्या या त्रासात त्यांचा खात्रीने उपयोग होतो असे अजून सिद्ध झालेले नाही, म्हणून औषधाच्या जागी त्या देऊ नयेत. सवयीचे म्हणाल तर या औषधाने आतडे आळशी होत नाही. उलट ताणलेले आतडे पूर्ववत व्हायला महिने लागतात आणि तोवर शी मऊ ठेवावी लागते. मध्येच बंद केले की पहिले पाढे पंचावन्न. आधी काही दिवस मोठा डोस देऊन साचलेले बाहेर काढायचे, मग रोजचा छोटा डोस. कमी करायचा तोही त्याच सांगतील तेव्हा, हळूहळू. जेवण झाले की पाच मिनिटे कमोडवर बसवायचे. पाय अधांतरी नकोत, खाली पाट हवा. रागवायचे नाही. आणि कधीही लागली तरी जाऊ द्यायचे, पाणी असो नसो.

घरी सोमनाथने झाकणाची एक वेगळी बादली आणली. ती अपेक्षाची बादली. त्या पाण्याला भांडी घासतानाही कोणी हात लावायचा नाही. दगडाबाईंनी देवापुढचा आपला बसायचा पाट दिला. तो परत देवापुढे चालणार नाही हे ठाऊक असून दिला, एवढे मात्र दोनदा बोलून दाखवले.

ते चार दिवस मी वरच्या खुणेपर्यंत भरत होतो. अपेक्षा पाटावर पाय टेकून बसायची, घाबरायची, उठायची, पुन्हा बसायची. सुरेखा तिच्यासमोर संडासाच्या ओल्या फरशीवर बसून तिचे गुडघे धरी. काय घडले त्याचे वर्णन मी करणार नाही. दगडाबाई आत डोकावून आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"एवढंसं लेकरू, अन् केवढं ओझं घेऊन हिंडत व्हतं. आन् म्या म्हनलं, नखरे करतंय."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही. मला विसळून ओट्यावर पालथे घातले. त्या दिवसापासून सवयीचा विषय त्यांनी काढला नाही.

अपेक्षा पुन्हा बालवाडीत जाऊ लागली. डाग थांबले होते, मुले पुन्हा तिच्याजवळ बसू लागली. पण पूर्ण बरे व्हायला महिने लागतात हे मॅडमनी सांगितलेच होते. एका दुपारी बालवाडीतून फोन आला की पुन्हा तसेच झाले आहे, येऊन घेऊन जा. सुरेखाने फोन ठेवला. पुन्हा झाले तर काय होणार हे तिला ठाऊक होते. मग तिने बाटली घेतली, मला बाटलीवर पालथे घातले आणि ती निघाली. या वेळी तिच्या हातात पर्स नव्हती. बाटली तिने तशीच हातात धरली होती, पण पदराखाली.

वर्ग सुटला होता. अपेक्षा कोपऱ्यात उभी होती, कमरेला बालवाडीतल्या मदतनीस मावशींचा टॉवेल गुंडाळलेला. करुणा टीचर टेबलापाशी होत्या. सुरेखाने आम्हाला त्या टेबलावर, खडूंच्या डब्याशेजारी ठेवले. तिचे कान लाल झाले होते. तिने सांगितले की ही मुलगी आजारी नाही आणि घाणेरडीही नाही. हा त्रास आहे, हे त्याचे औषध आहे, अजून काही महिने चालेल, अधूनमधून असे होईल. टीचरनी ऐकून घेतले. त्या वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या की मला समजते, पण इतर पालकांना मी काय उत्तर देऊ. निदान मुलीने आधी सांगायला तरी हवे. मग अपेक्षाकडे वळून त्यांनी विचारले, बाळा, शी लागली होती तर मला सांगितले का नाहीस?

अपेक्षाने टॉवेलाची गाठ घट्ट धरली.

"सांगितलं होतं ना टीचर. तुम्ही म्हणाल्या, डब्याच्या सुट्टीत जा."

टेबलावर मी होतो म्हणून मला टीचरचा चेहरा खालून दिसला. तो उतरला होता. मग त्या सुरेखाकडे बघू शकल्या नाहीत. खडूच्या डब्याचे झाकण त्यांनी उगीच लावले. तीस मुले, एक संडास, एक मावशी, म्हणून हा नियम त्यांनीच केला होता. त्यांना तो कधी चुकीचा वाटला नव्हता. सुरेखाने तो चेहरा ओळखला असावा. कणकेत हात थांबले तेव्हा तिचाही असाच झाला होता.

मावशी बादली घेऊन येत होत्या. करुणा टीचरनी त्यांच्या हातून बादली आणि तांब्या घेतला, साडीचा काठ कमरेला खोचला आणि अपेक्षाला म्हणाल्या, "चल, मी धुते." आणि दारातून वळून सुरेखाला म्हणाल्या, "उद्या वेळेवर पाठवा."

आतून पाण्याचा आवाज येत राहिला. सुरेखा खुर्चीत बसली आणि बाटलीवर हात ठेवून, तोंड फिरवून, पहिल्यांदाच रडली.

मित्रांनो, अपेक्षाचे औषध अजून चालू आहे, खुणेने खुणेने कमी होत. मी मात्र धुरकट झालो, माझ्या खुणांवर आता भरवसा ठेवता येत नाही, म्हणून नव्या बाटलीचा नवा कप कामाला लागला आहे. मला सुक्या कचऱ्याच्या पिशवीत ठेवले आहे. सकाळी घंटागाडी येईल. त्याचे दुःख नाही. चुकीचे माप देण्यापेक्षा हे बरे.

जाताना एवढेच मागतो. शी लागली की लगेच सांगा, मोठ्याने सांगा, आणि कोणी थांब म्हणाले तर पुन्हा सांगा. दुखत असेल तर तेही सांगा. तुमच्या वर्गात कोणाला असे झाले तर नाकावर हात ठेवण्याआधी क्षणभर थांबा. तो मुलगा किंवा ती मुलगी आधीच लाजलेली असते. आणि घरात मोठे कोणी असतील तर त्यांना हे वाचून दाखवा. त्यांची मान जराशी खाली गेली, तर हसू नका. पुढच्या वेळी ते तुम्हाला थांब म्हणणार नाहीत.